समिती फक्त सहीपुरतीच?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा म्हणजे इतिवृत्तावर सह्या. आम्ही पालकांनी काय करावे? – एक आई

उत्तर : ताई, शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या महिला. आधी सभेची वेळ बदलून घ्या. सकाळी अकराला दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? मग इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. सायंकाळची वेळ आणि विषयांसह लेखी सूचना मागा.

खरी ताकद कलम २२ मधल्या शाळा विकास आराखड्यात आहे. तो एकट्या मुख्याध्यापकांवर सोडू नका. दोन पालक व एका शिक्षकाने मिळून शाळा फिरून पाहावी. मुलींचे स्वच्छतागृह कागदावर ‘आहे’ असते. प्रत्यक्षात कुलूप असते, कारण टाकीत पाणी नसते. म्हणून ‘आहे का’ आणि ‘वापरात आहे का’ असे दोन रकाने करा. प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च, जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहा. पाणी, कुंपण यांसाठीचा ठराव ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा ठरण्याआधी द्या, पोच घ्या. उशीर झाला तर वर्ष जाते.

अनुदानाचा जमाखर्च दर सभेत मोठ्याने वाचला जावा. यात शिक्षकांवर अविश्वास नाही, उलट त्यांनाच संरक्षण मिळते.

सतत गैरहजर मुलांची नावे शिक्षकांनी द्यावीत, घरी मात्र पालक सदस्यांनी जावे. शेजारणीने विचारले की खरे कारण कळते.