चौथ्या कोपऱ्यातली फट

प्रश्न : घरीच फोटोफ्रेम करतोय, टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर) पट्ट्या ४५ अंशात कापतो, तीन कोपरे मस्त बसतात पण चौथ्यात फट राहतेच. स्लेड, म्हणजे पट्टी धरून ब्लेडवरून सरकवायचा पाट, केला तर जाईल का?

उत्तर : जाईल, नक्की जाईल. बघा, फ्रेमला ८ काप असतात, प्रत्येकात अर्धा अंश चुकला की शेवटच्या कोपऱ्यात ४ अंश जमा होतात, म्हणून फट तिथेच दिसते. १२ मिमीचा सपाट प्लाय घ्या, खाली मशीनच्या खाचेत न डुगडुगता सरकेल अशी सागाची पट्टी लावा. वर दोन फेन्स, म्हणजे पट्टी टेकवायच्या सरळ आडपट्ट्या, आणि खरी गोम इथेच आहे, ब्लेडशी बरोबर ४५ साधत बसू नका, दोन्ही फेन्स एकमेकांशी गुण्यात (काटकोन तपासायच्या सुताराच्या साधनात) पक्के ९० ठेवा. मग प्रत्येक पट्टीचं एक टोक डाव्या फेन्सवर आणि दुसरं उजव्या फेन्सवर कापायचं, एक काप ४४.८ झाला तर जोडीचा ४५.२ होतो, बेरीज ९०च. समोरासमोरच्या पट्ट्या मात्र अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, त्यासाठी फेन्सवर स्टॉपर, म्हणजे पट्टीचं टोक अडवणारा ठोकळा, ठोका, टेपने मोजून तेवढं जमत नाही. आणि ब्लेड मागून जिथे बाहेर येतं तिथे लाकडाचा जाड ठोकळा चिकटवाच, आपला अंगठा नेमका तिकडेच असतो.