नागपूरहून आईबाबांना पहिल्यांदा समुद्र दाखवायला विशाखापट्टणमला नेतोय. पाच दिवसांत कोणत्या वस्त्या, कोणते किनारे पाहावेत? आरके बीचसमोर हॉटेल घेऊन तिथेच राहिलं तर पुरेल का?

राहायला आरके बीच चांगलाच आहे. पण पाचही दिवस तिथेच काढू नका. एक अख्खी सकाळ बंदराकडच्या जुन्या गावासाठी ठेवा. का ते सांगतो.

माझे बाबा रामटेककडच्या मँगनीजच्या खाणीत होते. खाणीतला माल वॅगनमध्ये भरून 'वायझॅग'ला, म्हणजे विशाखापट्टणमला जातो, हे आम्ही लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकलं. ते गाव मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुढे मला कळलं की ते बंदर मुळात याच मालासाठी उभं राहिलं. मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर पाठवायला जवळचं बंदर हवं होतं, म्हणून बंगाल नागपूर रेल्वेनं ते बांधलं आणि १९३३ साली ते सुरू झालं. आपल्या मातीचं त्या शहराशी इतकं जुनं नातं आहे. बाबा निवृत्त झाल्यावर मी आईबाबा दोघांनाही घेऊन गेलो.

आम्ही समता एक्स्प्रेसनं गेलो. ती रोज नसते, वार पाहून तिकीट काढा. रायपूर, टिटलागड करत गाडी ओडिशातल्या रायगडाच्या बाजूनं (आपला रायगड नव्हे) पूर्व घाटातून खाली उतरते. डोंगर आले की आईबाबांना खिडकीशी बसवा.

जुन्या गावाला तिथे वन टाऊन म्हणतात. आपल्या महाल-इतवारीसारख्याच अरुंद गल्ल्या, जुनी घरं, खाली दुकानं. बंदराच्या तोंडाशी तीन टेकड्या शेजारी शेजारी आहेत: एकीवर मेरीमातेचं चर्च, एकीवर दर्गा, एकीवर व्यंकटेश्वराचं मंदिर. चर्चच्या टेकडीला रॉस हिल म्हणतात. तिथून समोर डॉल्फिन्स नोज हा समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्याच्या कडेनं आत येणारी जहाजं दिसतात. बाबा तिथे कठड्याला धरून अर्धा तास उभे होते. खाली धक्क्यावरच्या क्रेन पाहत एवढंच म्हणाले, "म्हणजे इथपर्यंत येत होतं." मी मध्ये बोललो नाही. जवळच मासेमारीचं बंदर आहे. सकाळी होड्या लागल्या की तिथे मासळीचा लिलाव चालतो. वास सहन होत असेल तर जरूर जा. रोहू-कटल्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला ते ढीग पाहून नवल वाटतं. सुरमईला तिथे 'वंजरम' म्हणतात, जेवताना तेच मागा.

आता समुद्र. पूर्व किनारा असल्यामुळे तिथे सूर्य समुद्रातून उगवतो, म्हणून पहिली भेट पहाटेची ठेवा. संध्याकाळी आरके बीचवर आपल्या फुटाळा तलावासारखी गर्दी असते, त्यात पहिल्या भेटीचं काही उरत नाही. आम्ही अंधारातच जाऊन वाळूत बसलो होतो. लाल कड वर आली तशी आई म्हणाली, "पाह्य, पाण्यातून निघून राह्यला!" मग कितीतरी वेळ ती हात जोडून बसली. पण एक सांगतो, आणि हे अगदी मनावर घ्या: आरके बीचवर पोहायला उतरू नका. वाळू एकदम खोल जाते आणि पाण्याला ओढ आहे. तिथे माणसं बुडाली आहेत. काठावर पाय भिजवायचे, तेही आईचा हात धरून. पाण्यात खेळायचंच असेल तर ऋषिकोंडाचा किनारा बरा. त्याला २०२० साली ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं मानांकन मिळालं. तिथेही जीवरक्षक सांगतील तेवढ्याच भागात राहा.

आरके बीचवरच कुरसुरा पाणबुडी आहे. १९६९ ते २००१ नौदलात होती, आता आत शिरून पाहता येते. आत गोल भोकांसारखी दारं आहेत, वाकून पाय उचलून पलीकडे जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आईला बाहेरच बसवा, आम्ही तेच केलं.

एक दिवस गाडी करून किनाऱ्यावरच्या भिमिली गावापर्यंत जा. हा रस्ता बहुतेक समुद्राला धरूनच जातो. वाटेत तोटलकोंडा ही टेकडी चुकवू नका. दीक्षाभूमीच्या गावच्या माणसानं तर नाहीच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे भिक्खू राहत होते. स्तूपाचे, विहारांचे चौथरे आहेत आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्या टाक्यांवरूनच टेकडीला नाव पडलं. वरून खाली पसरलेला समुद्र दिसतो. मला त्या सबंध सहलीत ही जागा सगळ्यात जास्त आवडली. सावली कमी आहे, पाणी आणि टोपी सोबत ठेवा. पुढे एर्रमट्टी दिब्बलू, म्हणजे लाल वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांच्यावर चढू नका, वाळू ढासळते. भिमिलीला गोस्थनी नदी समुद्राला मिळते. डचांची जुनी दफनभूमीही तिथेच आहे. तिथे आम्ही दुपारभर नुसते बसून होतो.

कैलासगिरी या टेकडीवर रोपवेनं जाता येतं, एक संध्याकाळ पुरे. सिंहाचलमच्या नरसिंह मंदिरात दर्शन सकाळी लवकर घ्या. तिथली मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, खरं रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं. डोंगरातल्या अराकू खोऱ्याचा मोह होईल, पण वयस्क माणसांना घेऊन पाच दिवसांत तेही कोंबू नका.

डिसेंबर-जानेवारीत जा. ऑक्टोबरात वादळाची भीती असते. २०१४ चं हुदहुद १२ ऑक्टोबरलाच त्या शहरावर आलं होतं. आणि येताना एका बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणा. आमच्या आईनं आणलेलं अजून देवघरात आहे.