शाळेला सांग, आणि लेखी सांग

"मावशी, आम्ही नवरा-बायको वेगळे राहतोय हे शाळेत कुणालाच सांगितलेलं नाही. नाशिक केवढंसं! कॉलेज रोडला पाणीपुरी खायला उभं राहिलं तरी कुणीतरी ओळखीचं भेटतं," असं तू लिहितेस. मुलगा पाचवीत, जूनमध्ये तू त्याला घेऊन इंदिरानगरला परतलीस, नवरा न्यू जर्सीतच. आणि पुढच्याच ओळीत: "'माझे बाबा' निबंधाला त्याने कोरं पान दिलं, बाईंनी लाल शेरा मारला, आळशीपणा." अगं, बाईंनी दुसरं काय लिहायचं? त्यांना माहीतच नाही. तुझी घालमेल समजते, पण लोक काय म्हणतील याचा भुर्दंड तो पोरगा भरतोय.

तेव्हा माझं नेहमीचं तुणतुणं पुन्हा वाजवते. शाळेला सांग, आणि लेखी सांग. तोंडी सांगितलेलं बाई बदलल्या की विरून जातं. आमच्या भाचीच्या वर्गाला दिवाळीनंतर नव्या बाई आल्या आणि सगळं पहिल्यापासून सुरू. एकच पान लिही, मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत वर्गशिक्षिकेला आणि समुपदेशक असतील तर त्यांनाही. कोण चुकलं ते त्यात नको. मूल कुणाकडे राहतं, बाबांशी कधी बोलतं, त्याला स्वतःला किती माहीत आहे, अडीअडचणीला आधी फोन कुणाला, आणि न्यायला कोण कोण येऊ शकतं, एवढं पुरे. ही शेवटची यादी व्हॅनवाल्या काकांनाही दे. फाटकावर ओळखपत्र बघतील, पण व्हॅन ओळखीच्या चेहऱ्यावर चालते आणि घोळ तिथे होतो.

कोर्टाचा आदेश असेल तर प्रत जोड. नसेल तर "बाबांना काही कळवू नका" असं लिहू नकोस. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तेही नैसर्गिक पालक आहेत, शाळेला तुझी बाजू घेता येणार नाही. (अमेरिकेतच असलेल्यांसाठी: तिथे 1974 च्या फर्पा कायद्याने, कोर्टाने मनाई केली नसेल तर, दोन्ही पालकांना शाळेतल्या नोंदी बघता येतात. मागितल्यापासून 45 दिवसांत शाळेने त्या दाखवायच्या.)

शाळेकडून काय मागायचं, तेही त्याच पानावर लिही. प्रगतिपुस्तक आणि सूचना दोघांच्या ईमेलवर थेट जाव्यात. बऱ्याच शाळांच्या ॲपवर सुरुवातीला एकच नंबर चढवलेला असतो, दुसरा मागून चढवून घ्यावा लागतो. हे केलं नाही की "बाबांना सांग, फी भरायची आहे" हे पोरगा व्हिडिओ कॉलवर सांगतो. त्याला टपालवाला करू नका, दोघांनीही. पालकसभा शनिवारी सकाळी साडेदहाला असेल तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचा एक वाजलेला असतो, हिवाळ्यात बारा. बाबांसाठी संध्याकाळी साडेपाचची वेगळी वेळ माग. तिथे सकाळचे आठ किंवा सात.

वर्गात बाईंना करता येण्यासारखं पुष्कळ आहे. शाळेत एकच मोठं माणूस ठरवावं, ज्याच्याकडे तो कारण न सांगता पाच मिनिटं जाऊन बसेल. वहीत ठेवलेलं एक रंगीत कार्ड बाकावर उभं केलं की बाईंनी मान हलवायची, बस्स. चारचौघांत "बाबा कधी येणार?" नको. 'माझे बाबा'ऐवजी 'आमच्या घरातलं एक माणूस' चालतं. गृहपाठ माफ करू नये, एक दिवस वाढवून द्यावा. माफी मिळाली की मुलाला आपण बिचारे वाटू लागतो. पोटदुखी, डबा न खाणं, मारामारी यांची तारखेसह नोंद ठेवायला सांग. बहुतेक वेळा कॉलच्या दुसऱ्या दिवशीच ती दिसेल, आणि मग शाळा बदलायची की कॉलची वेळ, हे तुझं तुलाच कळेल. बाईंना वकिलाकडे साक्षीला मात्र ओढू नकोस, तिथून पुढे त्या सावध होतात आणि मूल एकटं पडतं.

बाकीचे प्रश्न: मराठी कच्चं आहे म्हणतेस, तर 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळांना मराठी शिकवावीच लागते, येईल हळूहळू. फी कुणी भरायची ते वकिलाला विचार. सासूबाईंना नातवाला भेटू दे, पण तुझ्या घरी. शाळेच्या फाटकात नको, आणि यादीत त्यांचं नाव आल्याशिवाय तर मुळीच नको.