वाचकांचे प्रश्न : बदलायची बॅटरी, पन्हाळ्याचा चढ आणि पुराचं पाणी

प्रश्न : कोल्हापुरात शाहूपुरीतून घरपोच पार्सल पोहोचवतो. रोज 90 ते 100 किलोमीटर होतात, आठवड्यातून दोनदा पन्हाळा. बॅटरी बदलून मिळणारी इलेक्ट्रिक दुचाकी घेऊ का?

उत्तर : आधी वीज मोजा. ओझं घेऊन थांबत-निघत चालणारी स्कूटर किलोमीटरला साधारण 30 ते 35 वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट) खाते, म्हणजे 100 किलोमीटरला 3 ते साडेतीन युनिट. दीड युनिटच्या दोन बॅटऱ्या असतील तर दिवसात एकदा बदलाव्या लागणारच. पन्हाळ्याचा हिशेब वेगळा. गड शहरापेक्षा सुमारे 400 मीटर उंच. गाडी, तुम्ही आणि पार्सल मिळून 230 किलो धरले, तर नुसतं वर चढायला 250 वॉट-अवर लागतात; मोटर आणि कंट्रोलरमध्ये वाया जाणारी वीज धरली की 320 च्या आसपास. सपाटीवरचे नऊ-दहा किलोमीटर चढच खातो, आणि उतरताना त्यातलं थोडंच परत मिळतं.

पण निर्णय बॅटरी बदलून देणाऱ्या केंद्रांवर ठरतो. व्होल्टेज, पिनांची रचना आणि गाडी-बॅटरीतला डिजिटल संवाद कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे एकाची बॅटरी सहसा दुसऱ्याच्या गाडीत चालत नाही. काही गाड्या घरी चार्जच होत नाहीत. होंडाची ॲक्टिव्हा ई त्यातलीच. रवांडात किगालीच्या मोटो-टॅक्सीवाल्यांना ही पद्धत जमते, कारण ते दिवसभर शहरातच असतात. तुमच्या रोजच्या रस्त्यावर त्याच कंपनीची निदान दोन केंद्रं नसतील, तर घेऊ नका. गाडीतच पक्की बसवलेली मोठी बॅटरी असेल अशी गाडी घ्या आणि रात्री घरी चार्ज करा.

केंद्र असेल तर सकाळी नऊला आणि दुपारी एकला तिथे जाऊन भरलेल्या बॅटऱ्या मोजा. प्रत्येकी दोन बॅटऱ्यांच्या 40 गाड्या दिवसातून दोनदा आल्या, तर 160 बॅटऱ्या लागतात. एक भरायला अडीच तास धरले, तर केंद्रातल्या चार्जिंगच्या एका कप्प्यात 12 तासांत चार-पाच भरतात. म्हणजे 35 ते 40 कप्पे हवेत, तेही गर्दी दिवसभर सारखी वाटली गेली तरच. बारा कप्प्यांच्या केंद्रावर दुपारी रांग लागणार, आणि तुमची मजुरी त्या रांगेत जाणार.

बॅटरी हातात घेताना पिन बघा. काळवंडलेली किंवा वितळलेली पिन म्हणजे सैल जोड. तिथे विजेला होणारा विरोध वाढतो, उष्णता वाढते. अशी बॅटरी परत द्या. जोडीतली एक 98 टक्के आणि दुसरी 80 दाखवत असेल, तर तीही बदलून मागा. गाडी धुताना बॅटरीच्या कप्प्यात प्रेशरचं पाणी मारू नका.

2020 पासून बॅटरीविना दुचाकीची नोंदणी करता येते, म्हणून गाडी स्वस्त दिसते. महिन्याचं बॅटरीभाडं आणि बदलाचे पैसे मिळून तुमच्या महिन्याच्या किलोमीटरने भागा, मगच पेट्रोलशी तुलना करा.

प्रश्न : पंचगंगेच्या पुराचं पाणी इलेक्ट्रिक गाडीच्या सीटपर्यंत आलं. वाळवून चालवली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. चावी फिरवू नका, चार्जर लावू नका. वरून कोरडी दिसली तरी बॅटरीच्या आत गाळाचं पाणी राहतं, सर्किटवर गंज चढतो आणि शॉर्ट काही दिवसांनीही होऊ शकतो. गाडी ढकलत उघड्यावर, घरापासून आणि इतर गाड्यांपासून दूर न्या. बॅटरी स्वतः उघडू नका. फुगलेली, गरम किंवा गोडसर-उग्र वास येणारी असेल तर हातही लावू नका, अग्निशमन दलाला 101 वर कळवा. इतर वेळी सेवा केंद्राला बोलवा आणि विम्यासाठी पाण्याच्या खुणेसह फोटो काढून ठेवा.