कॅट पुन्हा द्यायची, पण नोकरी सोडून नाही

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. दीड वर्षापासून चाकणला नोकरी करते. 2024 च्या कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, तिला 93 पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे शंभरातल्या 93 जणांच्या ती पुढे आहे. इंग्रजीत 97, डीआयएलआरमध्ये (माहितीचं विश्लेषण आणि तर्क) 95, क्वांटमध्ये (गणित) मात्र 76. दहावीला 96 टक्के होते, बारावीला 88. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत प्रवेश मिळतोय. फी 14 लाख, पहिला हप्ता मार्चअखेर भरायचाय. ती म्हणते, नोकरी सोडते, पूर्णवेळ क्लास लावते आणि पुन्हा कॅट देते. घरच्यांचं म्हणणं, वर्ष वाया जाईल, वयही वाढतंय. काय करावं?
– एक वडील, इस्लामपूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्राखाली लेकीने दोन ओळी लिहिल्यात, ‘मॅडम, मला फक्त एक संधी हवी आहे’, आणि सोबत तिची रिस्पॉन्स शीट, म्हणजे परीक्षेत दिलेल्या उत्तरांची नोंद, जोडलीय. मी आधी ती शीटच वाचली. पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, हे पर्सेंटाइलच्या आकड्यावरून ठरत नाही. ते गुण कुठे गेले, यावरून ठरतं.

क्वांटला 22 प्रश्न होते. तिने 15 सोडवले. 6 बरोबर, 9 चूक. चुकलेल्यांतले 7 पर्यायांतून उत्तर निवडायचे होते, त्यांचा प्रत्येकी एक गुण वजा झाला. उरलेल्या दोघांचं उत्तर टाइप करायचं होतं, तिथे उणे गुण नसतात. सहा त्रिक अठरा, त्यातून सात गेले, हाती राहिले अकरा. आता सोडून दिलेले सात प्रश्न बघा. त्यांतले तीन शेकडेवारीचे आणि काळ-काम-वेगाचे सरळ प्रश्न आहेत. दहावीला 96 टक्के मिळवणाऱ्या मुलीला ते येत नसतील, यावर माझा विश्वास नाही. ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, कारण आधीच्या अवघड प्रश्नांशी झुंजत बसली. 40 मिनिटांच्या विभागात हा हट्ट फार महाग पडतो. इंजिनिअर मुलांमध्ये मी हे वारंवार बघते. ‘मला गणित येतं, मग हा सुटलाच पाहिजे’ असं त्यांना वाटतं.

म्हणजे तिचं गणित कच्चं नाही, प्रश्नांची निवड कच्ची आहे. आणि निवड नऊ महिन्यांत सुधारते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : तिने कॅट पुन्हा द्यावी. हीच शीट ‘बहुतेक प्रश्न कळलेच नाहीत’ असं सांगत असती, तर मी थांबायला सांगितलं असतं.

आणखी एक कारण आहे. आयआयएम मुलाखतीला बोलावताना आणि अंतिम निवड करताना कॅटबरोबर दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभवही धरतात. कुठे कशाला किती वजन, ते वेगवेगळं असतं. बऱ्याच ठिकाणी मुलींना त्या हिशेबात थोडे अधिक गुणही मिळतात. दहावी-बारावीचे गुण आता बदलता येत नाहीत आणि तिचे ते चांगले आहेत. तिला अडवतंय ते क्वांट. प्रत्येक विभागाला वेगळा कटऑफ, म्हणजे किमान पर्सेंटाइलची अट असते, त्यामुळे एकूण 93 असूनही एकट्या 76 मुळे दार बंद होतं.

नोकरी सोडायला मात्र माझा ठाम विरोध आहे. कॅटचं गणित बहुतांशी शाळा-ज्युनियर कॉलेजचंच असतं, त्याला दिवसाचे दहा तास लागत नाहीत. घरी बसलेल्या मुलावर नोव्हेंबरमधली कॅट जवळ आली की जे दडपण येतं, ते मी जवळून पाहिलंय. माझ्याकडचा एक हुशार मुलगा नोकरी सोडून बसला. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, त्याचे गुण छान यायचे, प्रत्यक्ष पेपरात हात थरथरले. शिवाय पुढच्या मुलाखतीत ‘या वर्षात काय केलंस?’ हा प्रश्न येणारच.

बाळा, हे तुझ्यासाठी. तू 12 मॉक दिलेस आणि एकाचंही विश्लेषण केलं नाहीस, असं तूच लिहिलंयस. या वर्षी मॉक कमी दे, पण दोन तासांच्या मॉकनंतर चार तास तो पेपर उलगडत बस. प्रत्येक प्रश्नापुढे लिही : सुटला, घाईत चुकला, येत होता पण पोचले नाही, किंवा येतच नव्हता. क्वांटमध्ये पहिली काही मिनिटं फक्त सोपे प्रश्न शोधून सोडव. दोन मिनिटांत वाट दिसली नाही की पुढे जा. सप्टेंबरअखेर सलग पाच मॉकमध्ये क्वांट 85 पर्सेंटाइलच्या वर गेलं नाही, तर स्नॅप आणि एनमॅट या एमबीएच्या दुसऱ्या प्रवेश परीक्षांना तितकंच महत्त्व दे. या दोन्ही परीक्षा एकाच हंगामात तीनदा देता येतात. आणि कॅटचा हा प्रयत्न शेवटचा, हे आजच आई-बाबांसमोर ठरव.

दादा, आता 14 लाखांचं. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांचं कर्ज धरलं तर महिना साडेतेवीस हजारांच्या आसपास हप्ता बसतो, शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज वेगळंच. तरीही तिथे प्रवेश घ्यायचा विचार असेल, तर हप्ता भरण्याआधी त्या संस्थेकडून मागच्या तुकडीतला मधला पगार मागा, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा. सरासरी नको, दोन-चार मोठ्या पॅकेजमुळे ती फुगते. मधला आकडा द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे भरू नका.

शिवाय एप्रिलच्या सुरुवातीला राज्याची एमबीए सीईटी आहेच. 200 प्रश्न, 150 मिनिटं, उणे गुण नाहीत. तिने फॉर्म भरला असेल असं धरते. त्या सीईटीतून प्रवेश देणाऱ्या जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिम्सरी, पुणे विद्यापीठाचं पुंबा या एमबीए संस्थांची फी या 14 लाखांच्या जवळपासही जात नाही. त्यातलं एखादं मिळालं, तर कॅटचा विषय सोडून तिने सरळ तिथे जावं.

राहिलं वयाचं. ती घरी बसून वर्ष घालवणार नाही, कमावत राहणार आहे. स्थळं बघायची असतील तर तिला विचारून बघा, पण नोव्हेंबरपर्यंतचे रविवार तिचे तिला राहू द्या. मॉक बहुधा रविवारीच असतात.

मार्चअखेरच्या आत ती शीट घेऊन दोघं माझ्याकडे या. क्वांटच्या त्या 22 प्रश्नांपुढे वर सांगितलेले शेरे लिहून तिने तक्ता आणावा, मग पुढचं वेळापत्रक आपण तिघं मिळून आखू.