गाडी महिन्यातून दोन-तीनदाच निघते, तरी इंजिन ऑइल दरवर्षी बदलायचं का?

हो, बदलाच. मॅन्युअल उघडून बघा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यापैकी जे आधी होईल ते, असं दिलेलं असतं. तुमचं वर्षच आधी भरणार.

खरा घात होतो तो छोट्या फेऱ्यांनी. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. दादरहून माहीमला जाऊन गाडी परत लावली, की ऑइल नीट तापतच नाही. मग ती वाफ आतच थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते, थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं आणि कालांतराने आम्ल बनतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. पिवळट, दुधाळ साय दिसली तर तो हाच ओलावा. सोबत कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल तर मात्र लगेच मेकॅनिकला दाखवा, हेड गॅस्केट, म्हणजे ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील, गेलेलं असू शकतं.

सोसायटीत उभ्या उभ्या रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवत असाल तर कृपया थांबवा, त्याने ओलावा उलट वाढतो. त्यापेक्षा रविवारी सकाळी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने ठाण्यापर्यंत जाऊन या. सलग अर्धा तास चालली की ऑइल तापतं, पाणी उडून जातं, बॅटरीही चार्ज होते.

ऑइलबरोबर फिल्टरही बदला. 'सिंथेटिक आहे, दोन वर्षं चालेल' असं गॅरेजवाला म्हणाला तरी वॉरंटी असेपर्यंत मॅन्युअलचंच ऐका आणि बिल जपून ठेवा.