शाळा-कॉलेजातल्या लेस्बियन मुलींचं आयुष्य कुठल्या सिरीजमध्ये नीट दाखवलंय?

ताई, तुम्ही लिहिलंय की अकरावीतल्या भाचीने घरात फक्त तुम्हालाच सांगितलंय की तिला मुली आवडतात, आणि आता तिचं मन समजून घ्यायला कुठली सिरीज बघू असं विचारताय. मी स्वतः लेस्बियन आहे, साताऱ्यातच वाढले, अजून इथंच राहते आणि या विषयावरचं जे हाताला लागेल ते बघत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकच बघणार असाल तर 'वन डे ॲट अ टाइम'चा पहिला सीझन बघा, 2017 ला नेटफ्लिक्सवर आला होता. तशी ती कॉमेडी, पण घर अगदी आपल्यासारखं, म्हणजे क्यूबन कुटुंब आहे, अमेरिकेत राहणारं, आई नर्स, बाप वेगळा राहतो, देवधर्म करणारी आजी घरातच, आणि पंधरा वर्षांची एलेना. त्यांच्यात मुलगी पंधराची झाली की थाटात कार्यक्रम करतात, पाहुणे, ड्रेस, नाच, सगळा सीझन त्या तयारीत जातो. एलेना आपलं सांगते तेव्हा आजी आधी दचकते, आणि मग तिथल्या तिथं मोठ्यामोठ्याने स्वतःशीच वाद घालते की देवाने माणूस घडवला आणि देव चुकत नाही, पोपसुद्धा म्हणतात मी कोण ठरवणारा, मग मी काय देवाच्या आणि पोपच्या वर आहे का, आणि एका मिनिटात मोकळी होते. जड जातं ते आईला. ती शिकलेली, मोकळ्या विचारांची, तोंडाने सगळं ठीक म्हणते आणि आतून मात्र ढवळून निघते, आणि असं का होतंय म्हणून स्वतःवरच चिडते. तुम्हालाही असं होत असेल तर ते चुकीचं नाही हो, फक्त ते भाचीच्या समोर नको.

शेवटच्या भागात तर आजीने ड्रेस बदलून त्याचा पांढरा सूट शिवलेला असतो, एलेना तो घालून येते, वडील-मुलीच्या नाचाची वेळ होते, आणि बाप निघून गेलेला असतो. भरल्या हॉलच्या मधोमध मुलगी एकटी उभी. मग आई उठून जाते, तिच्या मागून आजी आणि बाकीचेही. हे आपल्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयात झालं असतं तर पहिल्या रांगेतल्या मावश्या-काकू काय बोलल्या असत्या ते मला शब्दन्शब्द ऐकू येतं, आणि तरी आई उठली असती तर त्या पोरीचं आयुष्य सावरलं असतं एवढं मी नक्की सांगते.

याच्या उलटी आजी बघायची तर 'ग्ली'मधली, 2011 चा भाग. सँटाना शाळेतली चीअरलीडर, आजीची लाडकी, ती जाऊन सांगते आणि आजी तिला घराबाहेर काढते. आजीचं म्हणणं काय, तर गुपितं गुपितच ठेवायची असतात, तू ते बोलून दाखवलंस हे पाप. लोक काय म्हणतील याचंच हे रूप. आणि सँटानाला सांगणं भाग का पडलं, तर दुसऱ्याच लोकांनी ते निवडणुकीच्या जाहिरातीत आणलं म्हणून. तेव्हा ताई, भाचीच्या आईला तुम्ही परस्पर काहीही सांगू नका, अगदी चांगल्या मनाने पण नको, कधी आणि कसं सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे.

आता खरी अडचण अशी की तिकडच्या बऱ्याच सिरीज शाळेतल्या चिडवण्याभोवती फिरतात, आणि आपल्याकडे त्रास तिथून सुरूच होत नाही. साताऱ्यात पोरगी पोराबरोबर राजवाड्यावर दिसली तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. मी आणि माझी मैत्रीण हातात हात घालून मोती चौकातून जायचो, पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळायला जायचो, एका ताटात जेवायचो, ती आमच्याकडे मुक्कामाला आली की एकाच गोधडीत झोपायचो, कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. उलट आई कौतुकाने म्हणायची, ह्या दोघींचं लग्न एकाच मांडवात लावू, म्हणजे खर्च वाचेल. हसून म्हणायची ती आणि माझ्या पोटात गोळा यायचा. आपल्याकडे दोन मुलींकडे कोणी संशयाने बघत नाही कारण असं काही असू शकतं हेच कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि मग बारावी, फार तर ग्रॅज्युएशन झालं की बायोडेटा, फोटो, रविवारी पाहुणे बघायला येणार. भीती ती असते. तुमची भाची आत्तापासून त्या रविवारचा विचार करत असणार. हे दाखवणारी एकही मराठी मालिका मी आजवर पाहिलेली नाही, खरं तर रोज संध्याकाळी आपल्या सगळ्या मालिका लग्न ह्याच विषयावर चालतात.

हिंदी-इंग्रजीत प्राइमवर 2024 ला 'बिग गर्ल्स डोन्ट क्राय' आली, डोंगरातल्या बोर्डिंग स्कूलची, तिच्यातली लुडो खेळात पुढे आणि मुलीवरचं प्रेम लपवणारी. हॉस्टेलमधली घुसमट बरी जमलीय, पण श्रीमंतांच्या पोरी. मराठीत तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' नाटक आहे, चाळीसेक वर्षांपूर्वीचं, कॉलेजातली सुमित्रा त्यात स्वतःबद्दल जेवढं स्पष्ट बोलते तेवढं आजही कोणी बोलत नाही. पण गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू, आणि शेवटी ती जीव देते. भाचीच्या हातात ते आत्ता देऊ नका. 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळवलेला 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा आला, गावातल्या दोन पुरुषांची गोष्ट, दोघांतल्या कोणाला मारून न टाकता सांगितलेली. तसं मुलींचं कोणीतरी करा ना.

कारण अशा मुलींना मारून टाकणं हा ह्या मालिकांचा जुना रोग आहे. 2002 ला 'बफी'मध्ये टारा, 2016 ला 'द हंड्रेड'मध्ये लेक्सा, दोघी दुसऱ्यासाठी झाडलेल्या गोळीने मेल्या, आणि दोघीही आपल्या प्रेमाच्या माणसाजवळ आल्या आल्या. लेक्साच्या वेळी जगभरच्या पोरी इतक्या हादरल्या की त्यांनी मिळून अशा मुलांसाठीच्या हेल्पलाइनला देणग्या गोळा केल्या. मला सगळ्यात जास्त लागलं ते 'स्किन्स' ह्या ब्रिटिश सिरीजचं. 2009 च्या सीझनमध्ये एमिली आणि नाओमी बंद दाराच्या दोन बाजूंना बसतात आणि दाराच्या खालच्या मांजरीच्या झडपेतून एकमेकींचा हात धरतात. एवढंच. असं प्रेम मी तोपर्यंत पडद्यावर पाहिलंच नव्हतं. आणि 2013 ला परत आणून नाओमीला कॅन्सरने मारली. काय गरज होती?

म्हणून भाचीबरोबर बसून बघायचं तर एलेनाचंच बघा, आधी तिला विचारून. 'स्किन्स'मध्ये ड्रग्ज आणि सेक्स भरपूर आहे, ती तुम्ही एकट्या बघा, आणि 2013 चे भाग सोडून द्या.